टहरौली ते कोची : एका इटालियन चिताऱ्याचा माग

झाशी जिल्ह्याचा नकाशा आपण पुढे घेतलात, तर बेतवा आणि धसान या दोन नद्यांच्या मधल्या पठारी मुलखात टहरौली हे तहसिलीचे गाव आपणांस सापडेल. प्रवासवर्णनांच्या पुस्तकांत त्याचे नाव सहसा येत नाही. जुना बुंदेला किल्ला, दगडांनी भरलेली शेते, उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण आणि पावसानंतर दोन महिने डोळे निववणारी हिरवळ, एवढाच त्याचा परिचय. नोकरीच्या निमित्ताने मी तेथे काही वर्षे राहिलो. मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. जवळच्याच गुरसरायला गोविंदपंत बुंदेले यांच्या खेर घराण्याची जहागीर होती. झाशीत तर नेवाळकरांचे राज्य. विष्णुभट गोडसे वरसईकर १८५८ साली झाशीच्या वेढ्यात सापडले, त्याची हकीकत त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल.

मला या गावाने एक गोष्ट शिकवली. भिंतीकडे पाहावयास शिकवले.

बुंदेलखंडात भिंत नुसती उभी राहत नाही. दिवाळीच्या आधी घरोघरच्या बायका चुन्याने किंवा पांढऱ्या मातीने भिंत सारवतात आणि तिच्यावर गेरूने ‘सुराती’ काढतात. लक्ष्मी-नारायणाच्या त्या आकृतीपुढे मग दिवाळीची पूजा होते. लग्नाच्या घरी ‘चितेरा’ येतो. दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती, घोडे, मोर, कलश आणि माथ्यावर गणपती अशी चित्रे तो काढतो, म्हणून त्या कलेला ‘चितेरी’ म्हणतात. चितेरा म्हणजे आपल्या कोकणातला चितारीच. शब्दही एकाच मुळातून आलेले. एका लग्नघरी असा एक वृद्ध चितेरा काम करीत असता मी त्याच्यापाशी बसलो होतो. पुढच्या पावसाळ्यात हे चित्र उरणार नाही, याचे त्याला वाईट वाटत नाही का, असे मी त्याला विचारले. तो हसला. या घरात अजून दोन मुलगे लग्नाचे आहेत, असे त्याने मला सांगितले आणि पुन्हा हत्तीच्या सोंडेकडे वळला.

हा प्रसंग मी मंगळूरच्या एका स्नेह्याला पत्रातून कळवला. त्याचे उत्तर आले. त्याने लिहिले होते की, आमच्या कॉलेजच्या चॅपेलमध्येही एका चिताऱ्याने भिंती रंगवल्या आहेत; परंतु तो इटलीहून आला होता, आणि त्याची चित्रे शंभराहून अधिक वर्षे टिकली आहेत. टिकवावी लागली आहेत, असे म्हणणे अधिक बरोबर, असा शेराही त्याने पुढे जोडला होता. एक चितारी आपले चित्र पावसाच्या हवाली करून निर्धास्त असतो, आणि दुसऱ्याचे चित्र राखण्यासाठी त्याच्या मागे तीन-चार पिढ्या खपतात! त्या दुसऱ्याच्या भिंती एकदा डोळ्यांनी पाहाव्यात, असे मनाने घेतले.

योगायोग असा की, त्यासाठी मला गाडी बदलण्याचीही फारशी गरज नव्हती. निजामुद्दीनहून सुटणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस झाशीला थांबते, भोपाळ-भुसावळवरून कल्याणला येते आणि कोकण रेल्वेने मंगळूर गाठून पुढे एर्नाकुळमला जाते. या चिताऱ्याच्या भारतातील आयुष्याचे तीन मुक्काम, मुंबई, मंगळूर आणि कोची, याच एका रुळावर ओवलेले आहेत.

परंतु झाशी सोडण्यापूर्वी आपण थोडे थांबू. झाशी शहरातील राणीमहाल आपण पाहिलात तर त्याच्या दरबार दालनाच्या छताकडे अवश्य मान वर करा. अठराव्या शतकात रघुनाथ हरी नेवाळकर या मराठी सुभेदाराने हा वाडा बांधला. लाल, निळ्या, हिरव्या रंगांतील वेलबुट्ट्या आणि पक्षी त्या छतावर अजून दिसतात. कंपनी सरकारने झाशी खालसा केल्यावर राणी लक्ष्मीबाई याच वाड्यात राहावयास आल्या. म्हणजे १८५४ नंतरचे ते कठीण दिवस त्यांनी या फुलापानांच्या छायेत काढले. तेथून ओरछा अगदी जवळ. ओरछाचे लक्ष्मी मंदिर १६२२ मध्ये वीरसिंह देवाने बांधले, परंतु त्यातील काही चित्रे एकोणिसाव्या शतकातली आहेत, आणि त्यांत इंग्रजी फौज व झाशीची लढाई रंगवलेली दिसते. देवाच्या घरी चिताऱ्याने आपल्या काळातले युद्ध आणून ठेवले! ज्या हातांनी ही चित्रे काढली त्यांची नावे मंदिरात जाणाऱ्याला कळत नाहीत. मात्र भिंतीवर खिळ्याने स्वतःचे नाव कोरून गेलेल्या पर्यटकांची नावे ठसठशीत वाचता येतात. मुलांना घेऊन जाणाऱ्या आई-वडिलांनी निदान आपल्या मुलांच्या हातांत खिळा येऊ देऊ नये, एवढीच विनंती.

गाडी भुसावळ ओलांडून जळगावला आली की मराठी माणसाच्या मनात अजिंठा येतोच. भिंतीवरच्या चित्रांचा विषय निघाला असता अजिंठ्याला वळसा घालणे बरे दिसत नाही. शिवाय आपल्या कथेतील इटलीचा धागा तेथेही गुंतला आहे. निजामाच्या सरकारने १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी बोलावले होते. सुटलेला गिलावा त्यांनी पुन्हा चिकटवला. गळून पडू पाहणारे तुकडे सावरले. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे रोगण दिले, आणि ते काळाने पिवळे पडून चित्रांवर झाकोळ आला. पुढच्या जतनतज्ज्ञांना हे रोगण काढण्याचे किचकट काम करीत बसावे लागले. त्या दोघांना दोष देणे सोपे आहे. त्या काळच्या युरोपात जे उत्तम मानले जात होते तेच त्यांनी केले. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, भिंतीवरचे चित्र काढणे जितके अवघड, तितकेच ते राखणे अवघड आहे, आणि दुसऱ्या कामात चूक झाली तर ती पन्नास वर्षांनी कळते.

आता आपल्या चिताऱ्याची ओळख करून घेऊ. त्याचे नाव आन्तोनियो मोस्केनी. उत्तर इटलीत बेर्गामो नावाचे शहर आहे. त्याच्या जवळच्या स्तेझ्झानो या गावी १७ जानेवारी १८५४ रोजी त्याचा जन्म झाला. बेर्गामोच्या ‘अकादेमिया कार्रारा’ या कलाशाळेत तो शिकला. तेथे एन्रिको स्कुरी हे त्याचे गुरू होते. पुढे रोमला जाऊन त्याने व्हॅटिकनमधील थोर भित्तिचित्रांचा अभ्यास केला. इटलीत त्या काळी चर्चच्या भिंती आणि छते रंगवणाऱ्या कलावंतांना मागणी होती. अशा माणसाला केवळ चित्रकार म्हणून भागत नाही. खांबाचा आकार, कमानीचा बाक, वरून येणारा प्रकाश, खालून पाहणाऱ्याची नजर, या साऱ्याचा हिशेब त्याला करावा लागतो. सपाट भिंतीवर खांब उभे करावयाचे, कोरीव काम नसलेल्या जागी कोरीव कामाचा भास निर्माण करावयाचा, छत उघडून त्यातून आकाश दाखवावयाचे, ही या सजावटकारांची विद्या. मोस्केनीचा हात त्यात चांगला बसला होता.

आणि मग १८८९ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो येशू संघात म्हणजे जेझुइट संप्रदायात दाखल झाला. धर्मगुरू होऊन नव्हे; ‘ब्रदर’ म्हणून. ब्रदरने स्वयंपाकघर सांभाळावे, बाग करावी, सुतारकाम करावे, शिंप्याचे काम करावे, अशी त्या संप्रदायाची रीत. मोस्केनीच्या वाट्याला कुंचला आला. स्वतःच्या नावाने चित्रे विकण्याचा, प्रदर्शने भरवण्याचा आणि धनिकांची कामे घेण्याचा मार्ग त्याने आपण होऊन बंद केला. यापुढे जेथे पाठवतील तेथे जावयाचे आणि जी भिंत दाखवतील ती रंगवावयाची. कलावंताच्या मनाला हे किती सोसवले असेल, याचा अंदाज मी करू जाणार नाही. चित्रांकडे पाहून मात्र कोठे अनिच्छा जाणवत नाही.

प्रवासाच्या क्रमाने मला आधी मुंबई लागली, तेव्हा तेथूनच सांगतो. कल्याणला उतरून लोकलने मुंबई गाठली आणि कुलाब्याकडे चालत गेलो. रीगल चित्रपटगृहापासून जवळच, नाथालाल पारेख मार्गावर, म्हणजे पूर्वीच्या वुडहाउस रोडवर, ‘होली नेम’ कॅथेड्रल आहे. रस्त्यावरून त्याचे दोन उंच मनोरे दिसतात. परंतु मुंबईकर तेथून रोज जात असूनही आत पाऊल टाकणारा विरळा. वास्तू गॉथिक घाटाची, १९०५ मध्ये पूर्ण झालेली. बाहेरची धूळ आणि गाड्यांचे कर्णे मागे टाकून आत शिरलो, आणि क्षणभर डोळ्यांना काहीच उमगले नाही. मग हळूहळू छताच्या कमानींमधून रंग खाली उतरू लागले. भिंतींवरील चित्रे मोस्केनीच्या हातची. मंगळूरचे काम आटोपल्यावर तो येथे आला होता. १९६४ मध्ये मुंबईत भरलेल्या युकॅरिस्टिक काँग्रेसच्या वेळी पोप सहावे पॉल यांनी दिलेली घंटा येथे जपून ठेवली आहे. बाकावर एक वयस्क बाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. मी वर पाहत बराच वेळ उभा आहे हे पाहून त्यांनी मला खुणेने शेजारी बसावयास सांगितले. बसून, मान मागे टाकून पाहिले, आणि ध्यानात आले की ही चित्रे उभ्याने पाहण्यासाठी काढलेलीच नाहीत. ती बाकावर बसलेल्या माणसासाठी आहेत.

समुद्र तेथून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात मुंबईच्या भिंती कशा घामेजतात, हे आपणांस सांगावयास नको. अशा हवेत रंग भिंतीला धरून कसा राहतो?

येथे थोडा तपशील देतो. घरातल्या मोठ्या मुलांना त्यात गोडी वाटेल. इटालियन लोक ज्याला ‘फ्रेस्को’ म्हणतात, त्याचा अर्थच मुळी ‘ताजे’. विरवलेला चुना आणि वाळू यांचा गिलावा भिंतीवर चढवावयाचा आणि तो ओला असतानाच, नुसत्या पाण्यात कालवलेला रंग त्याच्यावर द्यावयाचा. डिंक नाही, सरस नाही, तेल नाही. गिलावा सुकू लागतो तेव्हा चुना हवेतला कर्बवायू शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीसारखा दगड बनतो. रंगाचे कण त्या दगडाच्या पापुद्र्यात अडकून बसतात. म्हणजे रंग भिंतीवर बसत नाही, भिंतीचाच होऊन जातो. पण याची किंमत मोठी आहे. गिलावा काही तासच ओला राहतो. म्हणून चितारी सकाळी अंदाज करतो की, आज माझ्या हातून एवढा चेहरा आणि हा खांदा होईल, आणि तेवढ्याच भागावर गिलावा चढवतो. या रोजच्या तुकड्याला इटालियन भाषेत ‘जोर्नाता’, म्हणजे एका दिवसाचे काम, असा शब्द आहे. संध्याकाळी जो भाग रंगवावयाचा राहिला, तो खरवडून काढावयाचा आणि दुसऱ्या दिवशी नव्याने लिंपावयाचा. चूक झाली तर वरून दुसरा रंग फासून ती झाकता येत नाही. सगळे रंगही चालत नाहीत. चुन्याचा दाह सोसणारेच हवेत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळीचा काळा, असे मातीतून आणि दगडातून आलेले रंग या कामी उपयोगी पडतात. सुरातीचा गेरू आणि इटालियन चर्चमधला गेरू एकाच जातीचे.

अजिंठ्याची रीत याहून निराळी; तेथे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा हात देऊन तो सुकल्यावर, बंधक द्रव्य घातलेल्या रंगांनी चित्रे काढली. राजस्थानातील ‘आरायश’ मात्र ओल्या चुन्यावरचीच. तेव्हा ही विद्या इटलीहून प्रथम आली, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यातील भिंतींवरची चित्रे पाहिली, तरी आपल्या चिताऱ्यांचे कसब ध्यानात येईल.

पुन्हा गाडी धरली. रत्नागिरी, मडगाव, उडुपी असे करीत ती मंगळूरला आली. लाल कौलांचे हे गाव टेकड्यांवर वसलेले आहे, आणि दीपगृहाच्या टेकडीवर सेंट अॅलोयशियस कॉलेज. इटालियन जेझुइटांनी १८८० मध्ये ते सुरू केले. चॅपेल त्यानंतर काही वर्षांनी बांधले गेले. बाहेरून पाहिले तर साधीच इमारत. सुमारे पंधरा वर्षे आतल्या भिंतीही साध्याच होत्या. मग मोस्केनी आला. १८९९ ते १९०१ या काळात, दोन वर्षांपेक्षा थोड्या अधिक अवधीत, त्याने शेकडो चौरस मीटर जागा चित्रांनी भरून काढली. भिंतींवर फ्रेस्को आणि छतावर कॅनव्हासवरील तैलचित्रे.

आत शिरताच माणूस दबून जातो, हे मी मान्य करतो. मला प्रथम ते सारे जरा जास्तच वाटले. आपल्या डोळ्यांना मोकळ्या भिंतीची सवय. येथे हातभरही जागा कोरी नाही. छताच्या मध्यभागी संत अॅलोयशियसचे चरित्र, उतरत्या बाजूंवर येशूचे शिष्य, कमानींवर संत, आणि फुलांच्या माळा धरणारी बाळे. अर्धा तास गेल्यावर डोळे स्थिरावले. मग मी खांबांवरची आणि कमानींवरची नक्षी निरखू लागलो, आणि हसू आले. त्यातली कितीतरी कोरीव वाटणारी नक्षी नुसती रंगाने काढलेली आहे. प्रकाश कोणत्या बाजूने येतो हे ध्यानात घेऊन सावल्या टाकल्या आहेत. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका लहान मुलीने खात्री करून घेण्यासाठी हात पुढे केला, आणि तिच्या आईने तो हलकेच धरला.

त्या चित्रांपैकी एकापाशी मी फार वेळ थांबलो. अॅलोयशियस गोन्झागा हा इटलीतील सरदार घराण्याचा थोरला मुलगा. वारसा हक्क सोडून तो संन्यस्त झाला, आणि १५९१ मध्ये रोममध्ये साथ पसरली असता रोग्यांची शुश्रूषा करताना त्याला रोग जडला. वयाच्या तेविसाव्या वर्षी तो वारला. त्याची ही रुग्णसेवा मोस्केनीने रंगवली आहे. इटलीतल्या चितारी मंडळींना हा विषय जुना आणि सरावाचा असेल. पण हे चित्र ज्या वर्षांत रंगले ती वर्षे आठवा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला होता. १८९७ च्या १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता, सावित्रीबाई फुले प्लेगनेच वारल्या. गावेच्या गावे माळावर झोपड्या घालून राहत होती. त्या दिवसांत या बाकांवर बसणाऱ्या विद्यार्थ्यांना, वर रंगवलेली साथ तीनशे वर्षांपूर्वीच्या रोमची आहे, असे सांगावे लागले असेल. पण दूरची ती त्यांना वाटली नसेल. आणि ते चित्र पुरे करून चितारी स्वतः मुंबईस गेला, तेव्हाही मुंबईचा प्लेग संपला नव्हता.

मंगळूरला पाऊस किती पडतो, ते तेथे राहिल्यावाचून कळत नाही. नव्वद वर्षांत त्या ओलीने चित्रांना ग्रासले. मग १९९१ ते १९९४ या काळात इन्टॅक या संस्थेच्या लखनौ येथील जतनतज्ज्ञांनी ती पुन्हा सावरली. लखनौ म्हणजे आमच्या टहरौलीच्या राज्याची राजधानी. इटलीच्या चिताऱ्याने कर्नाटकात काढलेली चित्रे वाचवण्यास उत्तर प्रदेशातून माणसे गेली, हे ऐकून मला, का कोण जाणे, घरचे कार्य पार पडल्यासारखे समाधान वाटले. अशा कामात नवे चित्र काढावयाचे नसते. धूळ आणि बुरशी हलक्या हाताने काढावयाची, सुटलेला पापुद्रा पुन्हा बसवावयाचा, गळालेल्या जागी रंग भरावयाचा तर तेवढ्यापुरताच; आणि चिताऱ्याच्या हाताशी आपला हात स्पर्धा करू पाहतो आहे असे वाटताच थांबावयाचे. असे काम करणाऱ्याचे नाव सहसा कोणी विचारीत नाही.

शेवटचा टप्पा कोचीचा. एर्नाकुळमला उतरून होडीने फोर्ट कोचीला गेलो. चिनी पद्धतीची मासेमारीची जाळी धक्क्यापाशी पाण्यात वरखाली होत होती. तेथून थोडे चालले की सांताक्रूझ बॅसिलिका लागते. पोर्तुगीजांनी बांधलेले मूळ चर्च इंग्रजांनी १७९५ मध्ये पाडले; त्याचा एक दगडी खांब अजून आवारात उभा आहे. आजची वास्तू १८८७ नंतर उभारली गेली. तिच्या आतील रंगकामासाठी मोस्केनीला बोलावण्यात आले. मंगळूरचा त्याचा शिष्य दि गामा त्याच्यासोबत होता.

या चर्चमधील रंग मंगळूरपेक्षा मवाळ, समुद्राच्या हवेत थोडे विरघळल्यासारखे आहेत. खांबांवर नक्षी आहे. छतावर येशूच्या शेवटच्या वाटचालीचे प्रसंग आहेत. वेदीभोवती कॅनव्हासवर काढलेली सात मोठी चित्रे आहेत आणि त्यांतील शेवटच्या भोजनाचे चित्र लिओनार्दोच्या प्रसिद्ध चित्राला अनुसरून आहे. लिओनार्दोने मिलानमध्ये ते चित्र सुक्या भिंतीवर काढण्याचा प्रयोग केला होता, आणि त्याच्या हयातीतच ते झडू लागले. बेर्गामोपासून मिलान फार दूर नाही. कलाशाळेतल्या विद्यार्थ्याने ती झडती भिंत पाहिली असेल काय? मला वाटते, पाहिली असावी. पण हा माझा तर्क आहे, तो आपण तर्क म्हणूनच घ्यावा.

सांताक्रूझची वास्तू १९ नोव्हेंबर १९०५ रोजी अर्पण करावयाची होती. आन्तोनियो मोस्केनी १५ नोव्हेंबरला कोचीतच वारला. समारंभाला चार दिवस राहिले असताना. त्याचे वय एक्कावन्न होते. भारतात येऊन त्याला सात वर्षेही झाली नसावीत. त्या अवधीत त्याने तीन शहरांत तीन वास्तू रंगवल्या. एकोणीस तारखेला लोक दाटीने आत शिरले असतील, मुले वर बोट दाखवीत असतील, आणि कोणीतरी शिष्याला विचारले असेल, की हे काढणारे कोठे आहेत?

मी फोर्ट कोचीहून चार चित्रकार्डे आणली. टहरौलीला परतलो तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. घरोघर चुन्याचे हंडे फसफसत होते. वृद्ध चितेरा त्या दिवशी घरीच होता. त्याला ही कार्डे दाखवली. मंगळूरच्या छताचे चित्र त्याने बराच वेळ डोळ्यांजवळ धरले. मला वाटले, तो संतांच्या चेहऱ्यांविषयी काही विचारील. त्याने प्रथम विचारले, चुना किती दिवस भिजवत ठेवला होता? मला सांगता आले नाही. मग त्याने विचारले की, एवढ्या उंचावर परांची बांधून हा दिवसभर मान वर करून काम करीत असेल, तर खालून रंग कालवून देणारा कोण होता?

दि गामाचे नाव मला ठाऊक होते, ते सांगितले. म्हाताऱ्याने ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिले. मग नातवाला हाक मारून त्याने गेरूची थैली आणावयास सांगितली.